अपृष्ठवंशीय प्राण्यांवर पीएच.डी. करून गोव्यात करिअर होतं का? आता सगळं डीएनएवरच चालतं ना?

प्रश्नाचा दुसरा भाग वाचला म्हणून लिहायला बसले. ‘सगळं डीएनएवर चालतं’ हे मी विभागात वर्षानुवर्षं ऐकलंय आणि ते चूक आहे.

मी डिचोलीची. झुआरी नदीच्या चिखलातल्या पॉलिकीटांवर, म्हणजे अंगावर वळ्या असलेल्या समुद्री कृमींवर, काम करते. सुकतीच्या वेळी चिखलीला तिसऱ्यो (खायचे शिंपले) काढणाऱ्या बायका असतात, त्यांच्या बाजूलाच आम्ही चिखल काढून अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीत धुतो. पेरिनेरिस या पॉलिकीटांच्या वंशातली जात ठरवायची तर ग्रसनीवरचे (घशाच्या बाहेर येणाऱ्या भागावरचे) पॅराग्नॅथ, म्हणजे कठीण काळपट दाते, बघावे लागतात. ग्रसनी आत ओढलेली राहिली तर काहीच दिसत नाही. म्हणून प्राणी आधी मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात शिथिल करायचा आणि मगच फॉर्मॅलिनमध्ये घालायचा. घाईत हे कोणी करत नाही.

एकदा अशाच एका नमुन्याच्या डीएनएचा सीक्वेन्स, म्हणजे त्यातल्या घटकांचा क्रम, आला आणि डेटाबेसने नाव दिलं पेरिनेरिस कल्ट्रिफेरा. ही जात ग्रूबे या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८४० मध्ये भूमध्य समुद्रातून वर्णन केलेली. तिच्या ग्रसनीच्या सहाव्या भागात दोन्ही बाजूंना दात्याची एकेकच आडवी पट्टी असते. माझ्या नमुन्यात दोन-दोन होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पुन्हा पाहिलं, दुसरे प्राणी काढून पाहिले, तरी दोनच. विभागातले एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “मॅडम, मशीन खोटं बोलत नाही. नाव घाला आणि पेपर पाठवा.” मी नाही पाठवला. मशीन खोटं बोलत नाहीच, पण डेटाबेसमध्ये ते नाव कुणीतरी माणसानेच लिहिलेलं असतं आणि त्या माणसाने ग्रसनी पाहिली होती की नाही हे मशीनला कळत नाही. युरोपातली नावं आपल्या किनाऱ्यावरच्या प्राण्यांना चिकटवण्याची सवय फार जुनी आहे. एक चुकीची नोंद झाली की पुढचे सगळे तिच्याशीच जुळवतात. पेपर रखडला, माझी बढतीही रखडली. वेगळ्या नावाने तो छापून आला तेव्हा ते सहकारी निवृत्त झाले होते, म्हणून हे इथे लिहिते आहे.

बार्कोडिंगची, म्हणजे डीएनएच्या एका छोट्या तुकड्यावरून जात ओळखण्याची, कल्पना हेबर्ट या कॅनडातल्या जीवशास्त्रज्ञाने २००३ मध्ये मांडली. ती चांगलीच आहे, पण ज्या नमुन्याशी तुलना करायची त्याची ओळख आधी कुणीतरी डोळ्यांनी पटवलेली असावी लागते. प्राण्यांच्या ज्ञात जातींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त अपृष्ठवंशीय आहेत आणि त्या ओळखणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आपल्याकडे वाघावर काम करणाऱ्याला टाळ्या मिळतात, आणि खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या) बांधात बिळं करून बांध पोखरणारे खेकडे नेमके कोणते हे विचारलं की सगळे गप्प.

करिअरचं विचारलंत. नेट-जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्तीची परीक्षा काढा, महिना ३७,००० रुपये मिळतात, घरच्यांचं तोंड बंद होतं. गोव्यात विद्यापीठ आहे, दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. सरकारी कॉलेजातल्या जागा लोकसेवा आयोगातून भरतात. तिथे पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला आणि कोकणी लागते, मराठी आली तर बरं. जागा कमीच निघतात, तेव्हा मधली काही वर्षं करारावर काढायची तयारी ठेवा. घर तुमच्याच पगारावर चालणार असेल तर हा निर्णय आधी घरात बोलून घ्या.

बार्कोडिंग शिकू नका असं मी म्हणत नाही. मी स्वतः प्रत्येक प्राण्याचा एक तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवते, कारण फॉर्मॅलिनमध्ये डीएनए खराब होतो. पण उरलेला प्राणी लेबल लावून जपा आणि नवी जात निघाली तर अधिकृत संग्रहात जमा करा. ‘सीक्वेन्स मिळाला ना, नमुना टाकून दे’ असं म्हणणारे मार्गदर्शक भेटले, तर पहिल्याच वर्षी बदला.