कोणतं तेल, किती आणि कधी? केसांच्या तेलाबद्दल वाचकांचे प्रश्न

केस खांद्याखाली येतात, दर आठवड्याला स्ट्रेटनर फिरवते, टोकं दुभंगली आहेत. सासूबाई खोबरेल सांगतात, मैत्रीण एरंडेल. कोणाचं ऐकू? (नाशिक)

सासूबाईंचं. डोक्याबाहेर आलेला केस हा प्रथिनाचा निर्जीव धागा असतो. धुताना तो पाणी पिऊन फुगतो, वाळताना आकसतो आणि दरवेळी त्यातलं थोडं प्रथिन निघून जातं. खोबरेल तेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्याचा रेणू छोटा आणि सरळ असल्यामुळे तो केसाच्या आत शिरतो. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. तिघांपैकी प्रथिनाची झीज कमी केली ती खोबरेलानंच. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे लक्षात ठेवूनच तो अभ्यास वाचावा. पण खोबरेल केसात मुरतं हे इतरांच्या प्रयोगांतही दिसलं आहे.

नहाण्याआधी दोन-तीन तास, जमल्यास आदल्या रात्री, कोरड्या केसांना तेल लावा. तुमच्या लांबीला दोन छोटे चमचे, म्हणजे १० मिली, पुष्कळ झालं. आधी टोकं, मग कानापर्यंतची लांबी, आणि बोटांना उरेल तेवढंच टाळूला. अर्धी वाटी ओतलीत तर ते काढायला तीनदा शाम्पू लागतो आणि कमावलेलं सगळं त्यातच जातं. तेल लावलेल्या केसांवर स्ट्रेटनर फिरवू नका. दुभंगलेलं टोक कोणत्याही तेलानं जुळत नाही, ते कापावंच लागतं.

एरंडेलात ८५ ते ९० टक्के रिसिनोलिक आम्ल असतं आणि ते फार चिकट. नुसतं एरंडेल लांब केसांना थापून, केस डोक्यावर गोळा करून चोळून धुतले, तर कधीकधी त्यांचा नमद्यासारखा, म्हणजे दाबून बसवलेल्या लोकरीसारखा, गठ्ठा होतो. तो सुटत नाही, कापावा लागतो. वैद्यकीय नियतकालिकांत अशा रुग्णांची नोंद आहे. हौसच असेल तर एक भाग एरंडेल, चार भाग खोबरेल. त्यानं केस दाट उगवतात, याला मात्र पुरावा नाही.

बाटलीवर बदामाचं चित्र आहे, मग तेल बदामाचंच ना? (ठाणे)

चित्र सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. घटक उतरत्या क्रमानं छापतात. पहिलंच नाव ‘मिनरल ऑइल’ किंवा ‘लाइट लिक्विड पॅराफिन’ असेल, तर बाटलीत मुख्यतः पेट्रोलियमपासून काढलेलं तेल आहे आणि बदाम नावापुरता. ते विष नव्हे, चमकही देतं, पण केसाच्या वरवरच राहतं.

शुद्ध खोबरेल खाद्यतेल म्हणूनही विकलं जातं. त्याच्या छोट्या बाटल्या करासाठी खाद्यतेलात धरता येतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १८ डिसेंबर २०२४ रोजी दिला. वर्षानुवर्षांचा वाद होता तो! शंका असेल तर पारदर्शक ग्लासात थोडं तेल घेऊन अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. खोबरेल थिजतं आणि भेसळीचं तेल वेगळा थर धरतं. पाम कर्नल तेलही थिजतं, म्हणून ती भेसळ या चाचणीत सापडत नाही.

आमच्याकडे घाण्याचं करडई तेल ताजं मिळतं. ते केसांना चालेल? (सोलापूर)

चालेल, हलकं असतं. पण त्यात लिनोलिक आम्ल ७० टक्क्यांच्या वर, म्हणून ते लवकर खवट होतं. एका वेळी १०० मिलीच आणा, गडद बाटलीत आणि उजेडापासून दूर ठेवा. खवट वास आला की टाका, डोक्याला लावून ‘संपवू’ नका. तिळाचं तेल त्या मानानं टिकतं. थंडीत २४ अंशांखाली खोबरेल गोठतं; दोन भाग खोबरेलात एक भाग तीळ मिसळलंत तर त्याचा तितका दगड होत नाही.

जास्वंद आणि माका घालून घरी तेल केलं, पंधरा दिवसांत तळाशी बुरशी आली. काय चुकलं? (रत्नागिरी)

पाणी राहिलं. ओल्या फुलापानांतलं पाणी पूर्ण उडालं नाही की ते तळाशी बसतं आणि तिथंच बुरशी धरते.

आयुर्वेदातलं तेल सिद्ध करण्याचं माप सोपं आहे: कल्क (वनस्पतीचा वाटलेला लगदा) १, तेल ४, द्रव १६. घरच्यासाठी जास्वंद-माक्याचा वाटलेला कल्क ५० ग्रॅम, खोबरेल २०० मिली, माक्याचा रस किंवा काढा ८०० मिली. एवढा रस निघत नाही, म्हणून २०० ग्रॅम वाळलेला माका सव्वातीन लिटर पाण्यात उकळून ८०० मिली उरवा आणि गाळून घ्या.

पातेलं जाड बुडाचं आणि मोठं घ्या, निम्म्याहून जास्त रिकामं राहायला हवं, कारण शेवटी फेस येतो. आच मंद. कल्क बुडाला चिकटतो, तेव्हा पळी फिरवत राहा. पाणी आटत आलं की चिमूटभर कल्क बोटांत वळा. त्याची वात झाली पाहिजे. ती वात ज्योतीवर धरा: तडतडली तर पाणी आहे, मुकाट जळली तर तेल झालं. त्याच सुमारास तेलावर फेस चढतो. लगेच उतरवा. आणखी दोन-चार मिनिटं राहिलं तर कल्क काळा पडतो आणि तेलाला जळका वास लागतो, तो जात नाही. कोमट असतानाच कोरड्या मलमलीतून गाळा. कल्क पिळताना हात कोरडे हवेत आणि बाटली उन्हात तापवून वाळवलेली.

कोंडा फार आहे. कडुलिंबाचं तेल रात्रभर ठेवू का? (लातूर)

नको. कोंड्यामागची मॅलॅसेझिया ही बुरशी तेलातल्या स्निग्धाम्लांवरच जगते. टाळूचं तेल बंद करा. २ टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस पाच मिनिटं ठेवून धुवा. चार आठवड्यांत फरक नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

मुलीच्या बाळंतपणाला तीन महिने झाले, तिचे केस पुंजक्यानं गळतायत. नातवाची टाळूही रोज भरते. तेल बदलू का? (कोल्हापूर)

आजी, मुलीच्या गळतीचा तेलाशी संबंध नाही. गरोदरपणात न गळलेले केस बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी एकदम गळतात. बहुतेकींचं वर्षभरात आपोआप थांबतं. थकवा, धाप असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. नातवाची टाळू तेलानं भरत नाही, ती साधारण १२ ते १८ महिन्यांत आपली आपण मिटते. लावायचंच तर खोबरेलाचे चार थेंब, बोट न दाबता, आणि अंघोळीत धुऊन काढा. मोहरीचं तेल बाळाला नको, त्वचेला झोंबतं. टाळू फुगलेली किंवा खोल गेलेली दिसली तर तेलाची बाटली ठेवा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या.