स्विच गेलाय, पण कशावरून?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मालवणहून लिहिलंत की मुलगा दहावी पास झालाय, मामांबरोबर तारकर्ली-देवबागच्या होमस्टेंमध्ये एसी दुरुस्तीला जातो. मामा म्हणतात, काम हातात आलंय, आता आयटीआयमध्ये दोन वर्षं कशाला घालवायची? पत्राखाली मुलाने स्वतः एक ओळ लिहिली आहे: "स्विच गेलाय म्हणून बदलतात, पण तो गेलाय हे कशावरून, ते कुणी सांगत नाही." ती ओळ वाचूनच माझं मत ठरलं. त्याला आयटीआयला घाला.

आता थोडं त्याच्याशी बोलतो.

बाळा, विंडो एसीचा सिलेक्टर स्विच, म्हणजे फॅन-कूल निवडायच्या नॉबमागचा स्विच, तपासायचा तर आधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, चार्ज राहतो. तो रेझिस्टरने उतरवायचा, आणि हे मामा शेजारी उभे असतानाच शिकायचं. मग वायरींचा फोटो काढ आणि स्विचवरच्या वायरी सोडव. मल्टिमीटर ओहमवर, म्हणजे रेझिस्टन्स मोजायच्या खुणेवर, ठेवून दोन्ही प्रोब आधी एकमेकांना टेकव, म्हणजे मीटरचं स्वतःचं रीडिंग कळेल. आता एक प्रोब लाइन टर्मिनलवर, दुसरा फॅनच्या. नॉब फॅनवर असताना रीडिंग जवळजवळ शून्य यायला हवं, ऑफवर सर्किट उघडं, म्हणजे जोड तुटलेला, दिसायला हवं. लो कूल, हाय कूल, प्रत्येक पोझिशनला कॉम्प्रेसरच्या टर्मिनलसकट हेच करायचं. शून्याऐवजी रीडिंग चढलेलं किंवा हलतं दिसलं तर आतले काँटॅक्ट जळालेत.

आपल्या किनाऱ्यावर मात्र आणखी एक गोष्ट बघायची. खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवट थर चढतो, लग, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची जोडणी, सैल होतो, तापतो, काळा पडतो. लक्षण सगळं खराब स्विचचंच दिसतं, आणि स्विच धडधाकट असतो. नवा लग वायरीवर दाबून बसवला (क्रिंप केला) की एसी सुरू. होमस्टेवाल्याचा नव्या स्विचचा खर्च वाचतो आणि पुढच्या वेळी तो तुलाच फोन करतो.

थर्मोस्टॅटची, म्हणजे पुरेसं गार झालं की कॉम्प्रेसर थांबवणाऱ्या स्विचची, परीक्षाही घरी करता येते. नॉब सर्वात थंड ठेवलास तर खोलीच्या तापमानाला काँटॅक्ट जोडलेला असतो; त्याचा बल्ब, म्हणजे तापमान ओळखणारं टोक, बर्फाच्या पाण्यात धरलास की काँटॅक्ट सुटायला हवा. मालवणात बर्फाला तोटा नाही. हीटिंगच्या थर्मोस्टॅटचं उलट: गार झाल्यावर जोडतो, ऊब आली की सोडतो. स्प्लिटमध्ये हा नॉबच नसतो, तिथे सेन्सरचा रेझिस्टन्स मोजून कंपनीच्या तक्त्याशी ताडतात. हे 'का' कळायला वीज आणि रेफ्रिजरेशनचा पाया लागतो आणि तो आयटीआयमध्ये मिळतो.

ताई, ट्रेडचं नाव 'रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन' (आधीचं नाव 'मेकॅनिक रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग'), मुदत दोन वर्षं, पात्रता दहावी. हा ट्रेड प्रत्येक आयटीआयमध्ये नसतो, म्हणून ऑनलाइन अर्जात पर्याय भरण्याआधी जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन विचारा. पुढे अप्रेंटिसशिपमध्ये स्टायपेंडही मिळतो. मामांचं काम सोडायला सांगत नाही. एप्रिल-मेच्या गर्दीत त्यांनाही माणूस हवाच असतो, सुट्टीत जाऊ दे. फक्त मामांना माझी एक विनंती सांगा: पार्ट बदलण्याआधी मीटर त्याच्या हातात द्या आणि रीडिंग त्यालाच वहीत लिहू द्या.