विडीची तल्लफ आणि प्राणायाम

प्रश्न : मी हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावाचे काम करतो. अनेक वर्षांची विडीची सवय सोडून आठवडा झाला. रोज सकाळी कपालभाती करतो, तरीही संध्याकाळी लिलाव आटोपून चहाला बसलो की तल्लफ अनावर होते. योगाभ्यास कसा वाढवावा? मला रक्तदाबाची गोळी सुरू आहे.
— एक वाचक, तालुका दापोली

उत्तर : निकोटिन बंद झाल्यावर होणारी चिडचिड आणि अस्वस्थता पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असते व साधारणतः दोन ते चार आठवड्यांत ओसरते, म्हणजे चढणीचा मोठा भाग आपण पार केला आहे. वेळेशी आणि जागेशी जडलेली तल्लफ मात्र अधिक काळ रेंगाळते. त्यामुळे सकाळचा अभ्यास वाढवण्यापेक्षा तो संध्याकाळी, नेमक्या त्या वेळी, उपयोगात आणावा.

तल्लफेची एक लाट सहसा काही मिनिटांत विरते. ती जाणवताच जिथे असाल तिथे पाठ ताठ ठेवून बसावे, नाकाने चार अंक मोजत श्वास घ्यावा आणि सहा ते आठ अंक मोजत सावकाश सोडावा. श्वास रोखून धरू नये. दीर्घ उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते आणि मन निवते. विडी ओढताना वाटणाऱ्या निवांतपणातही सावकाश घेतलेल्या श्वासाचा काही वाटा असतोच. भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडण्याचा प्राणायाम, हीसुद्धा उपयुक्त आहे, पण चारचौघांत तसा आवाज करण्याचा संकोच वाटत असेल तर ती घरी करावी.

कपालभाती मात्र आपण थांबवावी. या क्रियेचे आपल्याकडे नको तितके स्तोम माजले आहे. रक्तदाब असलेल्यांनी असे जोरकस श्वसन टाळणेच योग्य, आणि तल्लफ शमवण्यासाठी त्याची गरजही नाही.

चहाकडेही लक्ष द्यावे. धुरातील घटकांमुळे यकृत कॅफिनचा निचरा लवकर करते. धूम्रपान सुटले की तेवढ्याच चहातील कॅफिन शरीरात अधिक वेळ राहते, आणि त्याने होणारी बेचैनी तल्लफेसारखीच भासते. म्हणून काही दिवस चहा निम्म्यावर आणावा आणि संध्याकाळचा पेला शक्यतो टपरीवर न घेता घरी घ्यावा.

विडीच्या जागी मशेरी किंवा तंबाखूची चिमूट येऊ देऊ नये, कारण निकोटिन त्यांतही असते. योगाने तल्लफ सौम्य होते. परंतु एवढ्याने भागत नसेल, तर निकोटिनच्या च्युइंगगमविषयी आपल्या डॉक्टरांना विचारावे. तंबाखू सोडण्यासाठी शासनाच्या १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर समुपदेशनही मिळते.