सहकाऱ्याला आधार देताना: सुरुवातीला एवढंच

अग्निशमन दलातल्या सहकाऱ्यांना मानसिक आधार द्यायचं काम तुम्ही हाती घेताय, याचा मनापासून आनंद झाला. एकच गोष्ट घट्ट धरा: बोलतं करायचा हट्ट नको. घटना संपल्या संपल्या सगळ्यांना गोलात बसवून 'काय काय पाहिलंस, सांग' असं विचारणं ही माझीही पहिली चूक होती. अशा एका सक्तीच्या बैठकीने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा वाढूही शकतो. जागतिक आरोग्य संघटनाही ती टाळायला सांगते.

त्याऐवजी:
- आधी पाणी, खाणं, कोरडे कपडे, घरी फोन.
- शेजारी बसा. तो गप्प राहिला तर तुम्हीही राहा.
- 'विसरून जा', 'तू तर खंबीर आहेस' ही वाक्यं नकोत. लहान मूल दगावलेल्या घटनेनंतर तर मुळीच नकोत.

सुरुवातीला झोप उडणं, दचकणं, तेच दृश्य डोळ्यांपुढे येणं स्वाभाविक आहे. बहुतेकांचं हळूहळू ओसरतं. महिना उलटूनही तसंच राहिलं किंवा दारू वाढली, तर तज्ज्ञाकडे त्याच्यासोबत जा. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर थांबायचं नाही. त्याच दिवशी न्या, एकटं सोडू नका.

उपचारपद्धतींचं वाचन नंतर करू. तिसऱ्या आठवड्यात मात्र पुन्हा फोन करा. तोवर बाकीच्यांचं विचारणं थांबलेलं असतं.