सगळी मुले रोज आनंदीच कशी?

प्रिय ताई,

बडोद्यातील एका शाळेत तुम्ही दुसरीच्या वर्गाला शिकवता. आनंद, दुःख, राग आणि भीती असे चार चेहरे काढलेला तक्ता तुम्ही भिंतीवर लावलात आणि रोज सकाळी प्रत्येकाने आपल्या नावाचे कार्ड त्यांपैकी एका चेहऱ्याखाली अडकवावे, असा नेम घालून दिलात. परंतु जवळजवळ सगळी कार्डे आनंदाखालीच लागतात, आणि ज्या मुलाची तुम्हांला काळजी आहे तो ‘काही नाही’ म्हणून कार्ड हातातच ठेवतो व मधल्या सुट्टीत कुणाला तरी ढकलून देतो. त्यात भर म्हणजे पालकसभेत एका गृहस्थांनी ‘मुलांना हळवे करू नका, पाढे शिकवा’ असे तुम्हांला सुनावले. हा उद्योग सोडून द्यावा का, असा तुमचा प्रश्न आहे.

तक्ता राहू द्या. सकाळचा नेम मात्र बंद करा. चारचौघांत आपले नाव दुःखाखाली टांगणे मोठ्यांनाही जमणार नाही, आणि बाईंना कोणते उत्तर आवडते हे सात वर्षांच्या मुलाला नेमके कळते. शिवाय भावनेचे नाव कळते ते ती भावना अंगात असताना किंवा नुकतीच ओसरलेली असताना. म्हणून तुमचा खरा तास मधल्या सुट्टीनंतर आहे. त्या मुलाने कुणाला ढकलले तर आधी ढकलणे थांबवा, ज्याला लागले त्याच्याकडे पाहा, आणि याचा श्वास शांत झाल्यावर त्याला बाजूला घेऊन म्हणा, ‘मघाशी तुझ्या मुठी आवळलेल्या दिसल्या. खेळात घेतले नाही म्हणून राग आला होता, की वाईट वाटले होते?’ हा अंदाज आहे, निदान नव्हे, आणि तो खोडून काढण्याची मोकळीक त्याला असली पाहिजे. ‘नाही, सगळे हसले’ एवढे जरी तो म्हणाला, तरी रागाखाली लाज होती हे तुम्हांला कळेल आणि तो शब्द त्याला देता येईल. यानंतर व्याख्यान देऊ नका. राग येणे चालेल, ढकलणे चालणार नाही, एवढेच सांगा. कारण मनातले सांगितले की बोलणी बसतात असा अनुभव एकदा आला की ते मूल पुन्हा ‘काही नाही’वर जाते.

तो घरी मराठी बोलत असेल तर हे संभाषण मराठीतच होऊ द्या. वर्गाची गुजराती त्याला कितीही चांगली येत असली तरी लाजेसारखी गोष्ट घरच्या भाषेत लवकर ओठांवर येते.

चार चेहरे मात्र अपुरे आहेत. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायिभावांखेरीज, म्हणजे टिकून राहणाऱ्या मुख्य भावनांखेरीज, तेहतीस व्यभिचारिभाव, म्हणजे येत-जात राहणाऱ्या भावना, सांगितले आहेत आणि असूया व व्रीडा, म्हणजे हेवा आणि लाज, त्यांत आहेत. दुसरीच्या मुलांना तेवढ्यांची गरज नाही. परंतु हिरमुसणे, हेवा, लाज, धास्ती, कंटाळा, एकटे वाटणे हे शब्द वर्षभरात एकेक करून यावेत, आणि ते गोष्टींतून यावेत. गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले, आपल्या ताराबाई मोडक पुढे त्यांच्या कामात सामील झाल्या, आणि तेथील शिक्षणात गोष्टीला मानाचे स्थान होते. चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगताना कावळा पावसात दाराशी उभा आहे तेथे थांबा आणि त्याला काय वाटत असेल ते विचारा; मग चिमणीलाही काय वाटत असेल, तेही विचारा. कावळ्याविषयी बोलताना कुणालाच स्वतःचे कार्ड टांगावे लागत नाही. एकाच वेळी दोन भावना असू शकतात हे या वयात नुकते कळू लागलेले असते. त्यासाठी उत्तरायण, म्हणजे गुजरातेतली पतंगांची संक्रांत, हाताशी आहे: मित्राचा पतंग आपणच कापला तेव्हा ‘काप्यो छे’ (कापला!) म्हणून ओरडलो खरे, पण त्याचे तोंड पाहून काय वाटले?

त्या गृहस्थांना उत्तर देताना मोठे दावे करू नका. याने पाढे लवकर पाठ होतील असे मुळीच सांगू नका. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांच्या 2007 मधील मेंदूप्रतिमांच्या प्रयोगात, रागीट किंवा भ्यालेल्या चेहऱ्यांची छायाचित्रे पाहताना प्रौढांनी त्या भावनेला शब्द दिला की भीतीशी निगडित असलेल्या अमिग्डाला या मेंदूच्या भागातील हालचाल कमी झालेली दिसली. प्रयोग मोठ्यांवर होता, हेही प्रामाणिकपणे सांगा. माझ्या मते ‘मला राग आला आहे’ असे म्हणू शकणारे मूल हळवे नसते. त्याच्या शेजारी बसणाऱ्याला मात्र कमी ढकलले जाते, आणि हा मुद्दा त्या गृहस्थांना पटण्याजोगा आहे.

त्या मुलाच्या आईला तक्रारीसाठी नव्हे, तर विचारण्यासाठी बोलवा: घरी तो कधी गप्प होतो, झोप आणि जेवण कसे आहे, अलीकडे घरात काही बदलले आहे का. झोप उडाली असेल, शाळेत येण्याआधी रोज पोट दुखत असेल किंवा काही आठवड्यांत ढकलाढकली वाढतच गेली, तर ते एकट्या वर्गशिक्षिकेचे काम राहत नाही. तेव्हा आईला बालरोगतज्ज्ञांकडे किंवा बालसमुपदेशकांकडे जाण्यास सांगा आणि वर्गात पाहिलेले तुम्ही तारखेनिशी लिहून द्या.