इंजिन तापले की नुसता काटा?

प्रश्न : मी बर्मिंगहॅमला राहतो आणि माझ्याकडे १९६८ सालची मॉरिस मिनी कूपर आहे. गेल्या हिवाळ्यात डॅशबोर्डवरील मीटर बाहेर काढून त्यांचे धातूचे आवरण काळ्या रंगाने नव्याने रंगवून घेतले. तेव्हापासून गाडी दहा मिनिटे चालली की तापमानाचा काटा 'एन' (नॉर्मल) ओलांडून 'एच'ला (हॉट) जाऊन टेकतो. थर्मोस्टॅट (इंजिन पुरेसे तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) बदलला, रेडिएटर आतून धुऊन घेतला, पाण्याचा पंपही नवा बसवला, तरी काही फरक नाही. विशेष म्हणजे इंजिनातून वाफ येत नाही आणि पाणीही कमी होत नाही. जाता जाता एक गोष्ट नोंदवतो : टाकी अर्धी रिकामी असतानाही पेट्रोलचा काटा जवळजवळ 'फुल' दाखवू लागला आहे. इंजिन उघडावे लागेल का?

उत्तर : इंजिन उघडू नका. आपण 'जाता जाता' म्हणून लिहिलेले वाक्यच या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे, आणि ते आधी लक्षात आले असते तर पंपाचा खर्च वाचला असता. इंजिन कितीही तापले तरी त्याचा टाकीतील पेट्रोलशी संबंध नाही. तेव्हा दोन्ही काटे एकाच वेळी वर चढत असतील तर दोष त्या दोघांना वीज पुरवणाऱ्या समाईक भागात शोधावा लागतो. तो भाग म्हणजे स्पीडोमीटरच्या मागच्या बाजूला बसवलेली काड्यापेटीहूनही लहान अशी पत्र्याची डबी, अर्थात व्होल्टेज स्टॅबिलायझर. आपल्याकडे फ्रिजला लावतात त्या स्टॅबिलायझरशी तिचे नाते नावापुरतेच आहे.

या काळातील ब्रिटिश गाड्यांच्या मीटरमध्ये दोन धातूंची एक पट्टी असते. तिच्याभोवती बारीक तार गुंडाळलेली असते, तारेतून वीज गेली की पट्टी तापून वाकते आणि काटा सरकतो. सेंडर, म्हणजे इंजिनाच्या हेडमध्ये थर्मोस्टॅटच्या खाली बसवलेला तापमान मोजणारा भाग, गरम झाला की त्याचा विद्युत रोध कमी होतो, जास्त वीज वाहते आणि काटा 'एच'कडे जातो. मात्र गाडीतील विजेचा दाब स्थिर नसतो. इंजिन बंद असताना तो १२ व्होल्टच्या आसपास आणि डायनॅमो चालू असताना १४ व्होल्टच्या आसपास असतो. काट्यांनी या चढउताराबरोबर हलू नये म्हणून ही डबी सरासरी १० व्होल्ट पुरवते. ते ती फार साध्या युक्तीने साधते : तिच्यातही तशीच एक पट्टी असून ती तापली की संपर्क तुटतो, निवली की पुन्हा जुळतो, आणि ही उघडझाप सतत चालू राहते.

ही पट्टी तापवणाऱ्या तारेचे एक टोक डबीच्या कवचामार्फत गाडीच्या बॉडीला जोडलेले असते. ही अर्थिंग तुटली की पट्टी तापतच नाही, संपर्क कायमचा जुळलेला राहतो आणि मीटरना थेट १४ व्होल्ट मिळू लागतात. तारेत निर्माण होणारी उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; १० ऐवजी १४ व्होल्ट मिळाले तर ती जवळजवळ दुप्पट होते, आणि काटा 'एच'ला टेकण्यास तेवढे पुरेसे आहे. आपण आवरण रंगवून घेतलेत आणि तेव्हापासूनच त्रास सुरू झाला, यावरून स्क्रूच्या खाली गेलेल्या काळ्या रंगाच्या थरानेच अर्थिंग अडवली असावी, असा माझा तर्क आहे. रंगारी काम देखणे करतात, पण रंग वीज वाहू देत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

खात्री करून घेण्यास पाच मिनिटे लागतील. काटे वर असताना तारेचा एक तुकडा घेऊन त्याचे एक टोक डबीच्या उघड्या पत्र्याला आणि दुसरे बॉडीवरील रंग खरवडलेल्या जागेला धरा. डबीवरील टर्मिनलना मात्र ते लागू देऊ नका. एक-दोन मिनिटांत दोन्ही काटे हळूहळू खाली आले, तर दोष सापडला असे समजा. मग बॅटरीची जोडणी सोडून मीटर बाहेर काढा, स्क्रूखालची जागा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा आणि दातेरी वॉशर घालून स्क्रू घट्ट करा. डबीच्या स्क्रूपासून बॉडीपर्यंत वेगळी काळी तार ओढली तर आणखी बरे, कारण मग पुढच्या रंगकामाचीही धास्ती राहणार नाही.

अर्थिंग देऊनही काटे उतरले नाहीत, तर डबीतला संपर्क चिकटलेला असणार आणि डबी बदलावी लागेल. आता मिळणाऱ्या बऱ्याच डब्यांत पट्टीऐवजी इलेक्ट्रॉनिक सर्किट असते आणि त्या काम चोख करतात. मात्र आपली गाडी १९६८ची आहे, आणि नंतर कोणी बदल केला नसेल तर तिच्यात बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असणार. मागवताना 'पॉझिटिव्ह अर्थ' असे स्पष्ट सांगा. उलट जोडणीची डबी बसवल्यास ती क्षणात जळेल. जुन्या धाटणीची डबी मल्टिमीटरने तपासत असाल, तर आकडे सतत उड्या मारताना दिसतील. तो बिघाड नव्हे, तेच तिचे काम आहे. आकडा १२ किंवा १४वर स्थिर राहिला तरच शंका घ्या.

इतर वाचकांसाठी एवढेच : फक्त तापमानाचा काटा वर असेल आणि पेट्रोलचा काटा बरोबर असेल, तर सेंडरची तार काढून पाहा. काटा 'सी'वर (कोल्ड) आला नाही तर ती तार कुठेतरी बॉडीला घासून उघडी पडलेली आहे. आला, तर सेंडर तपासा. नव्या सेंडरचे आटे जुळतात म्हणून त्याचा रोध मीटरशी जुळतोच असे नाही. सेंडर बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थर गुंडाळू नका, त्याचीही अर्थिंग त्या आट्यांतूनच होते.

एक सावधगिरी मात्र सर्वांनी बाळगावी. काटा खाली आला म्हणजे इंजिन थंड आहे, असे नेहमीच नसते. पाणी कमी होऊन सेंडर उघडा पडला तर त्याच्याभोवती पाण्याऐवजी हवा किंवा वाफ राहते, आणि इंजिन करपत असताना काटा निमूटपणे खाली घसरतो. उगाच घाबरवणाऱ्या काट्यापेक्षा हा काटा कितीतरी घातक आहे. म्हणून दुरुस्तीनंतर एकदा इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या झाकणाचे तापमान पाहा. चकचकीत धातूवर हे यंत्र खूप कमी आकडा दाखवते, त्यासाठी तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट असेल, तर त्याच्या आसपासचा, किंचित कमी आकडा योग्य समजावा.

प्रश्न : माझ्या प्रीमियर पद्मिनीला मेकॅनिकने बारीक तांब्याच्या नळीचे, अंशांचे आकडे असलेले मीटर बसवून दिले आहे. तपासण्यासाठी नळीच्या टोकाचा बल्ब पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात बुडवला, तर काटा १०० ऐवजी ९५च्या थोडा पुढे थांबतो. मीटर बदलावे का? (महाबळेश्वर)

उत्तर : मीटर उत्तम आहे, बदलू नका. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचावर आहे, आणि दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. आपल्या स्वयंपाकघरात पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, आणि काटा तेच सांगतो आहे. हीच तपासणी मुंबईत केली असती, तर काटा १००च्या जवळ गेला असता. नळी मात्र जपा. तिच्यात वायू किंवा चटकन वाफ होणारा द्रव बंद केलेला असतो. ती मुडपून चिरली की काटा कायमचा खाली पडतो आणि झाळून दुरुस्त होत नाही.