व्हेलॉसिटी: सुरुवातीला एवढंच बघा

कॉम्प्युटरवर बनवलेल्या तुमच्या तुकड्यातले पियानो आणि तबला यांत्रिक वाटतायत म्हणून नवीन प्लगइन (वाद्यांचे आवाज देणारं जोड-सॉफ्टवेअर) विकत घेऊ नका. आधी पियानो रोल, म्हणजे नोट्स मांडलेली खिडकी, उघडा. माउसने टाकलेल्या सगळ्या नोट्सची व्हेलॉसिटी बहुधा एकाच आकड्यावर असेल, तिथेच गोम आहे.

मिडीत, म्हणजे नोट्सची माहिती आकड्यांत ठेवणाऱ्या पद्धतीत, व्हेलॉसिटी १ ते १२७ असते. पट्टी किती वेगाने दाबली ते ती सांगते. चांगल्या सॅम्पल्ड पियानोत हलक्या, मध्यम, जोरकस वादनाची वेगवेगळी रेकॉर्डिंगं असतात. आकडा वाढला की आवाज मोठा होतोच, शिवाय नादही उजळ आणि टोकदार होतो. एकच स्वर ३०, ७० आणि ११५ वर लागोपाठ ऐका. आजच करा, कान लगेच तयार होतो.

नेहमीच्या चुका:

- ट्रॅक दबतोय म्हणून सगळं १२७ ला नेणं. नाद कर्कश होतो. त्यासाठी फेडर, म्हणजे ट्रॅकचा आवाज कमीजास्त करणारी सरकपट्टी, आहे.
- व्हायोलिनचा लांब स्वर व्हेलॉसिटीने फुलवायला जाणं. ती स्वर सुरू होतानाच ठरते. पुढच्या चढउताराला एक्सप्रेशन, म्हणजे कंट्रोलर ११, वापरा.
- 'ह्युमनाइज' (आकडे आपोआप थोडे मागेपुढे करणारं बटण) दाबून मोकळं होणं. वादकाचा जोर लयीला धरून असतो. दादऱ्यात समेचा 'धा' ११० च्या आसपास ठेवा, मधले बोल ७०-८० वर, आणि मग फरक ऐका.

व्हेलॉसिटी बदलूनही ऑर्गनच्या आवाजात काहीच बदललं नाही तर घाबरू नका. आपल्या पेटीतही जोर भात्याचा असतो, पट्टीचा नाही.

कीबोर्डच्या व्हेलॉसिटी कर्व्हला (किती जोराला कोणता आकडा, हे ठरवणाऱ्या सेटिंगला) मात्र इतक्यात हात लावू नका. तुकडा सुधारला की पाठवा, नक्की ऐकेन.